कोरडी फरशी

पेला रिकामा होता आणि खिडकीतल्या कुंडीची माती ओली. वासंतीअक्कांनी मातीत बोट खुपसून वास घेतला. नाचणीची आंबीलच! चोरी सापडली होती. आता चोराला बोलतं करायचं होतं.

चोर समोरच व्हीलचेअरवर बसला होता. प्रणिता, निपाणीची, सतरा वर्षांची. व्हीलचेअरच्या शर्यतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सत्त्याण्णव साली जयनगरातल्या त्या घरात अपंग खेळाडू मुलींचं शिबिर भरलं होतं; बाकीच्या मुली कुबडी-काठीवर चालणाऱ्या. मुलींचं खाणंपिणं अक्कांकडे. बाई मायाळू, पण शिस्तीला करड्या. "जिला आपलं आपण करता येत नाही, तिनं सामान बांधावं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. न्हाणीघर आणि संडास एकाच दारामागे; तिथलं पाणी जेवणघरात येऊ लागलं, तेव्हा गवंडी बोलावून त्यांनीच दारात वीतभर उंच सिमेंटचा उंबरा घालून घेतला. तेव्हापासून फरशी कशी कोरडी ठणठणीत! येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ती कौतुकाने दाखवत.

अलीकडे ही पोर मात्र वाळत चालली होती. उपीट खायची, चपाती खायची; सारू, ताक, आंबील पुढे आली की पेला बाजूला सारायची. कुठंतरी पाणी मुरत होतं. बारीक व्हायचं खूळ? की माझ्या हातचं चालत नाही हिला? का दुसऱ्या कुणी पोरीनं कान भरलेत? अक्कांना रात्री झोप लागेना. त्यात काल सरावात ती चक्कर येऊन खुर्चीतच कलंडली. "उद्याच्या निवडीआधी सावरली नाही, तर नाव काढतो," शिकवणाऱ्या महांतेश सरांनी सांगून टाकलं.

अक्कांनी पेला पुन्हा काठोकाठ भरला.

"माझ्या देखत प्यायचं. स्वल्पसुद्धा ठेवायचं नाही."

"नको वो अक्का."

"मग सरांना सांगते, नाव काढा म्हणून. सरी, चालेल?"

प्रणिताचे डोळे भरून आले. तिने पेला तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग शेजारचा पाण्याचा तांब्या ओढला आणि तोही संपवला. अक्का बघतच राहिल्या. अशी तहान त्यांनी उन्हाळ्यातल्या गुरांचीच पाहिली होती.

"उतरलं की घशाखाली!" त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस ही नाटकं कुणासाठी गं?"

खुर्ची वळवून प्रणिता न्हाणीघराच्या दाराशी गेली. पुढची चाकं सिमेंटला धडकून थांबली.

"हे नव्हतं तवर माझं मी जात होते," ती मागे न बघता म्हणाली. "आता सकाळी झाडायला येते ती चंद्राबाई मला उचलून आत नेते. दिवसात तेवढंच एकदा."

अक्कांची नजर उंबऱ्यावर खिळली.

"आता तुम्ही उचलता का वो, अक्का? का सामान बांधू?"