वाकून नमस्कार

रोहितच्या बोटात अंगठी गेली आणि चारी बाजूंनी पेढे धरलेले हात चांगुणाच्या तोंडाकडे आले. पिंपळगावच्या हायवेलगतच्या लॉन्समध्ये साखरपुडा होता आणि ती वरमाय होती. तरीही ती नको म्हणाली. आधी हात जोडून, मग तोंडावर पदर धरून. शेवटी जावेने हसत हसत तिची हनुवटी पकडली आणि अख्खा पेढा आत कोंबला.

अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी पावसाळ्याच्या तोंडाशी नाशिकला तिचं ऑपरेशन झालं होतं. नळी काढून टाकली आणि पोटच वर ओढून छातीत घेतलं, गळ्याशी जोडलं. मध्ये झडप म्हणून काही उरली नाही. वाकलं की खालचं कडू वर येई. गोड खाल्लं की ते धाडकन खाली उतरे, छाती धडधडे, घामाच्या धारा लागत आणि संडास गाठेपर्यंत धीर नसे. थोडं थोडं, दिवसभरात पाच-सहा वेळा खायचं, खाल्ल्यावर ताठ बसायचं, वाकायचं नाही. भावकीतल्या एकेकाला तिने हे सांगितलं होतं. सगळं ऐकून घेऊन माणसं म्हणत, पित्ताचा त्रास दिसतोय.

पेढ्याने व्हायचं तेच झालं. ती कशीबशी वेळेवर पोचली. तोंड धुऊन बाहेर आली तर पायात बळ नव्हतं. कोपऱ्यातली खुर्ची गाठून तिने घरून आणलेला डबा उघडला आणि मऊ वरणभात चावून चावून खाऊ लागली. मागे दोघी बायका बोलत होत्या. व्याही अजून उपाशी, अन् वरमाय बघा, जेवून मोकळी. चांगुणाने घास गिळला. ते बोलणं मात्र तिच्या गळ्याखाली उतरलं नाही.

डबा मिटतोय तोच तिला बोलावणं आलं. मांडवात घरातली वडीलधारी माणसं ओळीने खुर्च्यांवर बसवली होती आणि फोटोवाला समोर उभा होता. रोहित आणि हर्षाली, तिची होणारी सून, एकेकाच्या पाया पडून पुढे गेली. मग सगळे चांगुणाकडे बघू लागले.

पहिल्या खुर्चीवर तिची थोरली नणंद होती, लंकाबाई. पायावर पाय न ठेवता, दोन्ही पावलं नीट पुढे करून बसलेली. चांगुणाने डोक्यावर पदर घेतला आणि उभ्यानेच हात जोडले.

"वन्सं, इथूनच नमस्कार करते. आत्ता खाल्लंय. वाकले तर वर येईल."

लंकाबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. भावाला, धोंडीरामला, तिने चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, की तुझी बायको आता खांबासारखी उभी राहणार, तर या नव्या पोरीने काय शिकायचं? पित्त मलाही होतं. म्हणून मी काय देवापुढे वाकत नाही?

चांगुणाने नवऱ्याकडे पाहिलं.

त्याला सगळं माहीत होतं. तिच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा त्यानेच लावल्या होत्या. झोपेत ती घसरली आणि कडू पाणी घशात आलं की पातेलं धरून तोच बसायचा. बादली उचलू का, झाडू मारू का, हे तिच्या वतीने डॉक्टरांना त्यानेच विचारलं होतं. त्याने नुसतं म्हटलं असतं, अक्का, राहू दे, तर संपलं असतं.

धोंडीराम व्याह्यांकडे बघून हसला. मग तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "लोकं बघू राहिले. वाक एकदा. एवढ्यानं काय मरत नाय तू."

चांगुणाच्या मस्तकात तिडीक गेली. पेढा कोंबणाऱ्या जावेचा राग आला होता, मागे बसून बोलणाऱ्या बायांचाही आला होता, पण ते राग वेगळे. हा राग पायाच्या तळव्यापासून निघाला होता. तिने पदर कमरेला घट्ट खोचला.

"बरं," ती म्हणाली.

आणि ती वाकली. कोणी नुसती बोटं लावून उठतं, तशी नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून वाकत होती तशी, कमरेतून पुरती, लंकाबाईच्या पावलांवर कपाळ टेकेपर्यंत. छातीतून कडू उसळत वर आलं. एरवी अशा वेळी ती झटकन सरळ होई, ओठ दाबून धरी, आलेलं परत गिळी. आज तिने ओठ दाबले नाहीत. ती तशीच वाकलेली राहिली आणि पिवळं पाणी, त्यात भाताची शितं, लंकाबाईच्या दोन्ही पावलांवर आणि पैठणीच्या काठावर भळाभळा पडलं.

लंकाबाई किंचाळून उठली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. धोंडीराम धावत आला आणि त्याने तिचं कोपर धरलं. तिने ते झटक्यात सोडवून घेतलं.

ती सावकाश सरळ झाली. घसा पेटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. पदराच्या टोकाने तिने तोंड पुसलं, पदर परत डोक्यावर घेतला आणि ओळीतल्या पुढच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"आता कोणाच्या पाया पडू?" तिने विचारलं.

ओळीतल्या सगळ्यांनी पाय खुर्च्यांखाली ओढून घेतले.