पाठीला पाठ

अखामुकने एक डोळा मिटला, गिटारची दांडी डोळ्याशी धरली आणि टोकापर्यंत नजर नेली. बाक आला होता. इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीला केसाएवढा बाक आला तरी तारा खरखरतात. हा तर खजुराच्या बीएवढा होता.

"दुसरी पण गेली?" अगालीने विचारलं. गिटार त्याचीच होती. "दादा, शुक्रवारी लग्नात वाजवायचंय. तिसरीही वाकली तर मी परदेशी दांडी मागवतो. मग अख्खं तमनरासेत शहर तिकडूनच मागवेल, आणि तू बस खुर्च्या ठोकत."

पोरगा खोटं बोलत नव्हता. दोन्ही दांड्या एकाच महागड्या मॅपलच्या फळीतून काढलेल्या. पण इथल्या वाळवंटातलं ऊन दिवसा लाकूड भाजतं आणि थंडी रात्री ते आखडवते. आत लोखंडी सळई घालूनही आठवड्यात वाकल्या. लाकूडच नाजूक, असं अखामुकने ठरवून टाकलं.

आणि मुरलेलं लाकूड तर त्याच्याच अंगणात उभं होतं! सासूबाई आपला चामड्याचा तंबू घेऊन माळावरून मुक्कामाला आल्या होत्या. त्याचा मधला खांब बाभळीचा. चाळीस वर्षं ऊन-थंडी खाऊन ओळंब्यासारखा सरळ. पण मागणार कसा? इथल्या रीतीने जावयाने सासूसमोर तोंड उघडायचं नाही, घास खायचा नाही, साफा डोळ्यांपर्यंत ओढून बाजूने निघून जायचं. त्यात तंबू म्हणजे बाईच्या मालकीचं घर.

"तू विचार ना," तो बायकोला म्हणाला.

"आईला उघड्यावर आणू?" मरियामा कडाडली. "डोकं ठिकाणावर आहे का?"

दोन दिवस दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपली.

तिसऱ्या दुपारी सासूबाई शेजारी चहाला गेल्या. तिसरा पेला झाल्याशिवाय कोणी उठत नाही, तेव्हा वेळ भरपूर होता. अखामुक तंबूत शिरला, आडवा झाला आणि जमिनीला गाल टेकून, एक डोळा मिटून, खांबावरून नजर वर नेऊ लागला. वरून दोन डोळे त्याच्याकडेच बघत होते. सासूबाई दुसऱ्याच पेल्यावर उठून आल्या होत्या.

त्याने साफा ओढला आणि रांगतच बाहेर धूम ठोकली.

थोड्या वेळाने सासूबाई तंबू उतरवू लागल्या. सासू रागावून निघाली की लेकही तिच्यामागे निघते. गिटार गेली खड्ड्यात, मरियामा गेली तर तो जगणार कसा?

पण मरियामा खांब खांद्यावर टाकून त्याच्या कारखान्यात आली. "आई म्हणते, हा द्यायचा नाही, फक्त दाखवायचा. नीट बघ, चोरासारखं नको. आणि उद्या तंबू तूच उभा करायचास."

अखामुकचा जीव भांड्यात पडला. तिने खांबावरच्या चामड्याच्या पट्ट्या सोडल्या. खांबाच्या दोन उभ्या फाका हातात आल्या. दोन्ही वाकड्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पाठीला पाठ लावून त्या चामड्याने आवळलेल्या होत्या. एकीने ओढलं की दुसरी उलट ओढायची, आणि खांब जागचा हलायचा नाही.

अखामुकने अडगळीतून आपल्या दोन्ही वाकड्या दांड्या काढल्या. उभ्या चिरल्या. प्रत्येकीची एक फाक घेतली, पाठी रंधा मारून सपाट केल्या, मध्ये सळई बसवली, सरस लावला आणि बाक उलट-सुलट येतील अशा पाठीला पाठ लावून शिकंज्यात आवळल्या.

शुक्रवारी अगालीच्या गिटारवर सगळं वऱ्हाड नाचलं. एक तार खरखरली नाही. बायकांच्या घोळक्यात सासूबाई मरियामाच्या कानाशी काही बोलल्या. ती हसत हसत नवऱ्याकडे आली.

"काय म्हणाल्या?"

"आई विचारते, दोन वाकडी एकमेकांना आवळून बांधली की घर सरळ उभं राहतं, हे माझ्याबरोबर बारा वर्षं संसार करून तुला कळलं नव्हतं?"