एकही ओरखडा नाही

आमच्या अंध मुलींच्या शाळेतले जुने कॉम्प्युटर बोलायचे. मुलीने दाबलेलं प्रत्येक अक्षर ते मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि बिघडलेच तर कोपऱ्यावरचा दुकानदार चहा होईपर्यंत दुरुस्त करून द्यायचा. मग सरकारने ठरवलं, सगळ्या शाळा-कचेऱ्यांची खरेदी मुख्यालयच करणार, सगळ्यांना एकसारखं. जुने उचलून नेले. नवे आले ते टचस्क्रीनचे, गुळगुळीत आणि मुके.

मी मुख्यालयात फोन केला. "साहेब, आमच्या मुलींना बोलणारेच लागतात हो."

"बाई, तुम्हाला वेगळं दिलं तर उद्या सगळेच मागतील," साहेब म्हणाले. "आणि टचस्क्रीन दिलाय ना? नुसता हात लावायचा."

वर्षभराने साहेब स्वतः पाहणीला आले. त्यांनी एकेक पडदा निरखून पाहिला आणि भलतेच खूश झाले. "बाकीच्या शाळांनी पार वाट लावलीय. तुमच्याकडे एकही ओरखडा नाही."

उत्तम देखभालीचं प्रमाणपत्र त्यांनी आमच्या दहावीतल्या मुलीच्या हातात दिलं. आधी स्वतःचा पेपर स्वतः टाइप करणारी ही मुलगी. यंदा तिच्यासाठी मी लेखनिक शोधत फिरतेय. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, साहेब गाडीत बसले.

तिने प्रमाणपत्रावरून सावकाश बोटं फिरवली. उलटं करून मागची बाजूही चाचपली.

"बाई, हा कागद तर कोराच आहे."