सहा व्होल्टचा उजेड

हॉर्न वाजवून वाजवून रोहिदासचा अंगठा दुखायला लागला, पण पलीकडची होडी जागची हलली नाही.

त्याने राजदूत मोटारसायकलचं तोंड पुन्हा पाण्याकडे वळवलं. नव्या दिव्याचा पांढराशुभ्र झोत धरणाच्या पाण्यावरून थेट समोरच्या काठाला भिडला. गेनू नावाड्याची झोपडी दिसली, झोपडीपुढं ओढून ठेवलेली होडीसुद्धा दिसली. मघापर्यंत तिथं कंदील मिणमिणत होता. आता तोही विझला.

"झोपला वाटतं म्हातारा," नूतन सिस्टर म्हणाल्या. गाडीवरून उतरल्यापासून त्यांनी औषधांची पिशवी खांद्यावरून काढली नव्हती.

"झोपतोय कुठला! टाकून पडला असंल," रोहिदास म्हणाला, आणि त्याने गेनूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वारा तोंडावर येत होता. इथून मारलेली हाक निम्म्या पाण्यातच विरायची.

पलीकडे, डोंगराच्या खांद्यावर त्यांचा धनगरवाडा. तिथं त्याच्या बायकोला, आरतीला, कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. वाड्यावर रेंज नाही, म्हणून शेजारणीने टेकाडावर चढून भोरला फोन केला होता, "पोराचं पाय लागत्यात म्हनं हाताला. सिस्टरला घिऊन या बिगीबिगी." वळशाच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड आली होती, ती कुणी अजून उचलली नव्हती. म्हणजे होडी. नाहीतर काहीच नाही.

आणि गंमत अशी, की गाडीचा हा सगळा खटाटोप त्याने आरतीसाठीच केला होता. राजदूत वडिलांची, ज्ञानोबा आबांची. ते जाऊन दोन वर्षं झाली, गाडी मागं राहिली. सहा व्होल्टची. दिवा इंजिनाच्या जिवावर जगायचा. ॲक्सिलरेटर पिळला की पिवळा उजेड फुलायचा, सोडला की मावळायचा. रस्त्यातला खड्डा डोळ्यांच्या आधी कमरेला कळायचा. अवघडलेल्या बाईला रात्री-अपरात्री या दिव्यावर दवाखान्यात कसं न्यायचं? रोहिदास भोरच्या गॅरेजात मिस्त्री. आज दिवसभर खपून त्याने गाडीची आतडी बदलली. नवी कॉइल, बारा व्होल्टची बॅटरी, सगळं वायरिंग, एलईडीचा दिवा आणि मोटारीसारखा खणखणीत हॉर्न. काम संपवून हात पुसतोय तोच फोन आला.

सकाळी निघताना आईने, ठकुबाईने, खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी हातात दिली होती. "नव्या दिव्याला आदी भंडारा लाव, मगच गाडी रस्त्याला काढ."

"काच पिवळी हुईल की, आये," म्हणून त्याने ती पुडी खिशात कोंबली होती.

आता तो काठावर येरझाऱ्या घालत होता. मध्येच थांबून त्याने शर्टाची बटणं सोडली.

"तू जाशील पोहत. मी काय करू?" सिस्टर म्हणाल्या. "आधी कसा बोलवायचास त्याला?"

"आबा बोलवायचे तसाच. हितं गाडी लावायची आन् जराशी रेस करायची."

"मग कर की!"

त्याने ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन ओरडलं. दिवा ढिम्म. सोडला, तरी ढिम्म. एकसारखा, पांढरा, ताठ. दुपारी याच गोष्टीवर तो स्वतःवर खूश झाला होता.

रोहिदास बघत राहिला.

"सिस्टर, त्या म्हाताऱ्याच्या वळखीचाच न्हाई ह्यो दिवा."

त्याने खिशातली पुडी फाडली. ओंजळीने पाणी आणलं, भंडारा कालवला आणि सगळ्या काचेवर थापला. झोत एकदम विझल्यागत झाला. पिवळा, गढूळ उजेड जेमतेम पाण्यावर पडला. मग त्याने दिव्यापुढं तळहात धरला. हळूच बाजूला केला. पुन्हा हळूच आणला. उजेड फुलला, मावळला, फुलला, मावळला.

पलीकडे कंदील लागला. थोड्या वेळाने वल्ह्याचा आवाज आला.

होडी काठाला लागली तेव्हा रोहिदासच्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण तोंडून निघालं एवढंच, "गेनूतात्या, आरती अडलीय." म्हाताऱ्याने होडी फिरवली आणि वय विसरून वल्हं मारलं.

सिस्टर वर पोचल्या आणि तासाभरात मुलगी झाली. पायाळू. रडली मात्र झकास.

सकाळी सिस्टरना परत सोडायला रोहिदास होडीत बसला. खिशातून गुळाचा खडा काढून त्याने गेनूच्या हातावर ठेवला. रात्रीचा राग निवला होता, पण खाज गेली नव्हती.

"तात्या, एवढा झगझगीत दिवा दावला, हॉर्न बडवला. दिसलं न्हाई व्हय तुमास्नी?"

"दिसलं की. ऐकूबी आलं." गेनूने गूळ तोंडात टाकला नाही, मुठीतच धरला. "मागल्या म्हैन्यात आसाच पांढरा दिवा, आसाच हॉर्न. म्हनलं अडलंय कुनीतरी, गेलो. मोटारीतली पोरं व्हती, पिलेली. मदी पान्यात आल्यावर होडी हलवाय लागली. मला पान्यात ढकललं आन् हसत बसली. तवापासनं तसला दिवा दिसला की मी कंदील इझवतो आन् होडीमागं दडून बसतो. काल बी दडलो व्हतो, लेका."

वल्हं पाण्यात तसंच राहिलं. म्हातारा समोरच्या काठावरच्या पिवळ्या काचेकडे बघत होता.

"मग ज्ञानूचा दिवा दिसला, तवा कुठं जिवात जीव आला."