तळातलं पाणी

पाणी खडूच्या रेघेवर दोन बोटं चढलं होतं. रेघ नेत्रानेच काल संध्याकाळी ओढली होती, तळ स्पंजने पुसून पार कोरडा केल्यावर. आता सकाळ होती. ओहोटीने खाडी मागे गेली होती, होडी चिखलावर टेकली होती, आणि तळात पुन्हा पाणी होतं.

रातच्या भरतीत भरली असणार, असं तिच्या वडिलांनी काठावरून सांगितलं. दयारामांचा आवाज शांत होता. दोन महिने तो तसाच शांत होता, आणि नेत्राला गळतीपेक्षा त्याचाच जास्त राग येऊ लागला होता.

नायगावच्या बाकीच्या होड्या हंगाम उघडला तेव्हाच समुद्रावर गेल्या. दयाराम तांडेल म्हणून जी होडी हाकायचे, ती मात्र किनाऱ्यालाच राहिली. फळ्यांच्या फटींतला जुना कापूस काढून नवा ठोकून झाला. पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथलं जुनं पॅकिंग बदललं. इंजिन थंड ठेवणारा पाइपही नवा घातला. तरी रोज सकाळी तळात पाणी. शेवटी सुतार म्हणाला, लाकूडच संपलंय. आज दुपारी तुळिंजचा भंगारवाला इंजिन काढून न्यायला येणार होता. मग उरलेली होडी फोडायची.

नेत्राचा चुलतभाऊ कृष्णा स्वतःच्या लग्नाआधीपासून याच होडीवर खलाशी होता. होडी फुटली की तो वसईच्या एखाद्या गोदामात खोकी उचलणार, हे ठरलेलंच होतं. त्याबद्दल तो बोलायचा नाही. काल फक्त म्हणाला, "तुज्या कंपनीत मानसांची औषधं तपासता ना? होडीला पन एखादी गोळी दे."

नेत्रा चिखलात उतरली आणि होडीभोवती फिरली. जिथून पाणी आत येतं तिथून ते बाहेरही यायला हवं. ओहोटीत तर यायलाच हवं. तिने एकेक सांधा कोरड्या फडक्याने पुसला आणि थांबून पाहिलं. फडकं कोरडंच राहिलं. परत फिरताना पाय घसरला, गुडघ्यापर्यंत चिखल झाला. वैतागून तिने हातातला पाना फळीवर आपटला. फळी खणखणीत वाजली. संपलेलं लाकूड असं वाजत नाही.

मग तिला पर्समधल्या, पाण्यातले क्षार मोजायच्या मीटरची आठवण झाली. चंदनसारला ती राहायची त्या सोसायटीत टँकरचं पाणी यायचं, आणि ते खारट निघालं की भांडायला आकडा लागायचा. पेनाएवढा मीटर तिने आधी खाडीच्या पाण्यात बुडवला. त्याची मर्यादा ओलांडली, आकडाच उमटेना. मग होडीत चढून तळात बुडवला. आकडा उमटला आणि स्थिर झाला. तिने मीटर पुसून पुन्हा मोजलं. जागा बदलून आणखी एकदा मोजलं. गल्लीतल्या नळाच्या पाण्याहून आकडा किंचित जास्त होता, लाकडात मुरलेल्या मिठाइतका.

पाऊस दिवाळीआधीच थांबला होता. बर्फाचा कप्पा रिकामा होता. पिण्याच्या पाण्याचा ड्रम काठोकाठ भरलेला होता. आणि हंगाम सुरू झाल्यापासून रात्री राखणीला होडीवर एकच माणूस झोपत होता. घरात डास चावतात म्हने, असं तिची आई मालन त्याबद्दल शेजारणींना हसून सांगायची.

"बाबा," नेत्रा म्हणाली, "हे पाणी गोडं आहे."

कशावरून, असं दयारामांनी विचारलं नाही. ते चढून वर आले आणि फळीवर बसले.

"आमच्यात मानूस म्हातारा होत नाय," ते म्हणाले. "होडी होते. माज्या बापाची पन होडीच म्हातारी झालेली."

बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मागच्या हंगामाच्या शेवटी परत येताना, जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खुंट त्यांना दिसलेच नव्हते. कृष्णाने झडप घालून सुकाणू फिरवलं, म्हणून चौघे घरी आले. कृष्णाने ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. यंदाचा एक हंगाम होडी बसून राहील, एवढंच दयारामांच्या मनात होतं. मग सुतार आला, सुताराच्या मागून भंगारवाला. मध्येच थांबवायचं कसं, ते त्यांना कळलं नाही.

नेत्राला ओरडायचं होतं. दोन महिने ती रविवार रविवार या तळात गुडघ्यांवर रांगली होती, आणि ते तिला बॅटरी धरून उजेड दाखवत होते. शेवटी ती एवढंच म्हणाली की मग हे कृष्णाला सांगा. तांडेल असं सांगत नसतो, असं ते म्हणाले. मग मी सांगते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने मीटर बंद करून पर्समध्ये टाकला.

कृष्णा भंगारवाल्याला घेऊन आला तेव्हा त्याने होडीकडे पाहिलं नाही. भंगारवाल्याने पान्यांची पिशवी काठावर ओतली. आधी इंजिन सोडवू की पंखा, असं त्याने विचारलं. कृष्णा म्हणाला, काकाला विचार.

दयाराम उठून उभे राहिले. एका हाताने त्यांनी होडीचा काठ धरला.

"कृष्णा, याला परत पाठव," ते म्हणाले. "पानी मी ओतत होतो. मला खुंट दिसत नाय. आजपासून तांडेल तू."