निम्मी ओवी

हरिबा पुन्हा ओळीच्या मध्येच थांबले आणि क्षमानं कपाळाला हात लावला.

"काका, आत्ता काय ठरलं होतं आपलं?"

"थांबायचं न्हाई, असं ठरलं हुतं," हरिबा शाळेतल्या शहाण्या पोरासारखे म्हणाले.

"मग?"

"थांबलू."

काचेपलीकडे मतीननं चौदावं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, वडिलांच्या कारखान्यामागच्या खोलीत त्याचा हा स्टुडिओ. एरवी शेजारी कुणी तंबोरा जुळवायला बसलं की काम थांबायचं. आज शेजार गप्प होता, वीज होती, माईक ठणठणीत होता. हरिबांचा गळाही लागला होता. गात होते ते जीव ओतून, पण निम्मंच.

मागे कुणी नसलेल्या गाणाऱ्यांना हुडकायचं, व्हिडिओ काढून त्यांचं गाणं लोकांपर्यंत पोचवायचं, त्यांचे फॉर्म भरायचे, आयोजकांच्या मागे लागायचं. हे काम साताऱ्याच्या क्षमानं आपणहून अंगावर घेतलेलं. शाहीर फोन उचलत नसत. सनईवाले लग्नसराईत गडप होत. जतच्या माळावर धनगरी ओव्या गाणारे हरिबा तेवढे शब्दाला पक्के. आणि आज तेच असे अडून बसलेले. दिल्लीच्या एका महोत्सवानं एकट्यानं गाणाऱ्यांची तीन-तीन मिनिटांची रेकॉर्डिंगं मागवली होती. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. निवड झाली तर वर्षभर देशभर कार्यक्रम. हरिबा बासष्टचे. पुढच्या वर्षी गळा असाच राहील, हे कुणी सांगावं? आणि साडेचार वाजून गेले होते.

"घ्या काका. पंधरावं."

हरिबांनी पटका सारखा केला, कानावर हात ठेवला.

"माळ तापला, तळं आटलं, मेंढरं निघाली लांब..."

आणि थांबले. मान एका बाजूला कलती करून, कुणाची तरी वाट बघावी तसे.

क्षमा तरातरा दार उघडून आत गेली. "पुढचं येत नाही का तुम्हाला?"

"येतं की."

"मग म्हणा की! मी पहाटे पाचला साताऱ्यातनं निघालेय. हा मतीन सकाळपासनं उपाशी आहे. अर्धी ओळ कोण ऐकेल, सांगा बरं? दिल्लीवाले म्हणतील, मशीन बिघडलं!"

"मामा, एकदा म्हणून तर बघा," मतीन काचेपलीकडनं काकुळतीला येऊन म्हणाला. "मग आपण मिसळ खाऊ."

हरिबा खाली बघत राहिले. "ते निम्मं माझं न्हाई, ताई. आकारामचं हाय. मी टाकायची, त्यानं उचलायची. चाळीस वरीस झाली. त्याचं मी म्हनायचं म्हंजे... जित्या मानसाचं पान दुसऱ्यानं जेवल्यावानी हुतंय."

"मग आकारामकाकांना आणायचं होतंत! आहेत कुठे ते?"

"पलूसला. एकाच्या रानात खताला मेंढरं बसवल्यात."

"पलूस! तासाभराचा रस्ता! अहो, सकाळी बोलला असतात तर..."

"यायचा न्हाई त्यो. सा महिनं झालं, माझ्यासंगं गात न्हाई."

"आता हे काय नवीन? भांडलात?"

क्षमा कमरेवर हात ठेवून तशीच उभी. हरिबा हळूच म्हणाले, "तुमचा त्यो इडिओ आला न्हवं? तवा आकारामनं सगळी नातवंडं गोळा केली. सुना बसवल्या. मोबाईल मधी ठिवला. आता आजा दिसंल, मग आजा दिसंल. इडिओ संपला. बारकी म्हनली, आजा, तू कुठं हायस रं? लोकं हसली. त्याला वाटलं, मीच सांगितलं काढा म्हनून."

क्षमाला तो दिवस लख्ख आठवला. फोन उभा धरला की चौकटीत दोघं मावत नव्हते. आणि मागचा माणूस ओळ लांबवतो, लोक कंटाळतील, म्हणून तिनंच आवाजही कापला होता. दोन लाख लोकांनी बघितलं होतं. तिनं आईला पेढे नेले होते.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी एवढ्या मायेनं केल्यालं. तोंडावर कसं सांगायचं?"

क्षमानं हरिबांचा फोन मागून घेतला, आकारामचा नंबर लावला, आवाज मोठा केला.

"सहा वाजतील हं," मतीन म्हणाला.

"वाजू देत."

फोन उचलला गेला. मेंढरांचं बेंबें, वारा. हॅलो नाही.

"आकारामकाका, मी क्षमा, साताऱ्याची. व्हिडिओतनं तुम्हाला मी कापलं. हरिबाकाकांना त्यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं. अक्कल माझी कमी पडली. राग माझ्यावर धरा."

पलीकडे नुसता वारा. पण फोन ठेवला गेला नव्हता.

हरिबांनी कुणाला विचारलं नाही. फोनकडे तोंड करून, कानावर हात ठेवून त्यांनी ओवी टाकली. "माळ तापला, तळं आटलं, मेंढरं निघाली लांब..." आणि मघाच्याच जागी थांबले.

या वेळी त्यांना कुणी टोकलं नाही. पलीकडे कुणीतरी खाकरलं, थुंकलं, पुन्हा खाकरलं.

"जरा खाली घे की रं, गड्या. सा महिनं गळ्याला काम न्हाई."