प्रकरण तिसरे : कोंबडीचा अंत

कोंबडी तिसऱ्या प्रकरणातच मेली. शार्कने तिला गिळलं आणि साधा ढेकरही दिला नाही. लेखकाने हस्तलिखित ताईच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून तो तिच्या अगदी समोर बसला. तिचा चेहरा त्याला नीट बघायचा होता.

तसा तो मनाने वाईट नव्हता, पण सहा पुस्तकं सोसायची म्हणजे काही गंमत नाही. मुलांसाठी धमाल समुद्री साहसं त्याने लिहायची आणि चित्रं त्याच्या थोरल्या बहिणीने काढायची, असा दोघांचा शिरस्ता होता. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हेही ठरलेलं. त्याने लिहिला होता एक कप्तान. शूर, रुबाबदार, तलवारबहाद्दर. मजकुरात कोंबडीचं पीससुद्धा नव्हतं. ताईने मात्र पहिल्याच चित्रात एक लठ्ठ कोंबडी घुसवली आणि मग ती बया हलायचं नावच घेईना. कप्तान तलवार उपसतोय, मध्ये कोंबडी. कप्तान जहाजाचं चाक फिरवतोय, चाकावर कोंबडी.

मुलांची पत्रं गठ्ठ्याने यायची. कप्तानाची विचारपूस एकाही पत्रात नसायची. कोंबडी झोपते कुठे? तिला पोहता येतं का? एका मुलीने तर विचारलं होतं की तो दाढीवाला माणूस कोंबडीकडे नोकरीला आहे का. शिवाय जहाजावर इतकी पिंपं कशाला, हेही तिला जाणून घ्यायचं होतं. पिंपांचं त्यालाही कोडंच होतं. दर चित्रात कप्तान कुठल्यातरी पिंपामागे उभा, कमरेखाली दिसायचाच नाही. पण कोंबडीपुढे पिंपाचं दुःख किरकोळ. त्यात परवा प्रकाशकाचा निरोप आला. सातव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोंबडी मोठी हवी, कप्तान मागे, जमल्यास. त्या ‘जमल्यास’ने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप्तानावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव होता. बसल्या बैठकीला त्याने कोंबडी शार्कच्या तोंडी दिली आणि पुढची नऊ प्रकरणं गुणगुणत लिहिली.

ताई वाचत शार्कपाशी आली. थांबली. पुन्हा वरपासून वाचलं. रंगाचा ब्रश तिने चहाच्या कपात बुचकळला, तेही तिच्या लक्षात आलं नाही. आता ही तोंडाचा पट्टा सोडणार म्हणून तो सरसावून बसला. उत्तरं तो घरून पाठ करूनच आला होता.

पण ताई भांडलीच नाही. तिने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

“मग आता हातांचं कसं करायचं?” ती म्हणाली.

कुणाच्या हातांचं, त्याला काही कळेना. ताई उठली आणि सहाही पुस्तकं तिने त्याच्यापुढे उघडून ठेवली. तो बघत गेला. तलवारीच्या मुठीवर कोंबडी. दुर्बिणीवर कोंबडी. कप्तान राणीला मुजरा करतोय, तिथे दोन कोंबड्या. जिथे म्हणून पंजा दिसायला हवा, तिथे पिसं. सहा पुस्तकं, दोनशे चित्रं आणि औषधाला एक बोट नाही.

“मला हात काढता येत नाहीत. कधीच आले नाहीत. धाकट्यापुढे कसं सांगायचं?”

पुरावा म्हणून तिने एक काढूनही दाखवला. केळ्यांचा घड होता तो, त्यातही दोन केळी जास्तीची. लेखकाला एकदम शाळा आठवली. ‘माझे कुटुंब’ हे चित्र ताईनेच त्याला काढून दिलं होतं. त्यात सगळे हात मागे बांधून उभे होते, आणि घरचे सगळे अटकेत आहेत का, असं बाईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं. ह्याच ताईने त्याला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, गल्लीतल्या दांडगट पोरांना पळवून लावलं. ‘मला येत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. त्याला गलबलून आलं.

ताई म्हणाली की कप्तानावर अन्याय नको, त्याने खुशाल हात येणारा चित्रकार बघावा. ती मनापासून बोलत होती. तेच त्याला सोसवेना. दुसऱ्या कुणाच्या चित्रांचं पुस्तक त्याच्या डोळ्यांपुढे येईचना.

त्याने हस्तलिखित पुढ्यात ओढलं आणि कोंबडीच्या मरणावर काट मारली. ताईने दुसरा चहा करेपर्यंत त्याचं लिहून झालं होतं. मग त्याने तिला वाचून दाखवलं. शार्कला पोटात गुदगुल्या झाल्या आणि कोंबडी फडफडत बाहेर आली. आपण तिला वाचवू शकलो नाही, या शरमेने कप्तानाने घोर प्रतिज्ञा केली. खजिना सापडेपर्यंत दोन्ही हात कोटाच्या खिशांतून बाहेर काढणार नाही! खजिना निदान वीस पुस्तकं तरी सापडायचा नव्हता. तोवर चाक, तलवार, दुर्बीण, सगळा कारभार कोंबडीकडे. पोटच्या पोराला त्याने स्वतःच्या हाताने दुय्यम केलं होतं. दुखलं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

ताई खुदकन हसली. तिने लगेच कागद घेऊन खिसे काढून पाहिले. एकाहून एक फक्कड खिसे. लेखकानेही तोंडभर कौतुक केलं. मग ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

“आता लाज सोडलीच आहे,” ती म्हणाली, “तर पिंपांचंही सांगून टाकते.”